ट्राउटसाहेब, पनवेलला येऊ नका

श्रीयुत ट्राउटसाहेब यांसी,
मुक्काम काश्मीर, कुलू, उटी आणि मुन्नार. मूळ गाव विलायत.



तुम्हाला आमंत्रणं फार येतात. गेली दीडशे वर्षं जगात जिथे म्हणून थंड वाहतं पाणी सापडलं, तिथे कोणी ना कोणी तुमची अंडी बर्फात घालून नेली. टास्मानिया, न्यूझीलंड, केनिया, अर्जेंटिना; आपल्याकडे काश्मीर, कुलू, नीलगिरी. आमच्याकडेही गळाचा नाद असलेली चार डोकी जमली आणि पावसाळा ओसरत आलेला असला, की एखादा उसासा टाकतोच, "आपल्याकडे ट्राउट असते तर!" मग कोणी भंडारदऱ्याचं नाव घेतो, कोणी महाबळेश्वरचं. हा उसासा तुमच्या कानी जाण्याआधी पनवेलचा एक गळवाला या नात्याने मी कळवून टाकतो: येऊ नका. आहात तिथे सुखी राहा. तुमच्याकडून जे घ्यायचं ते आम्हाला मिळालं आहे, आणि ते एवढं मोलाचं आहे की त्यासाठी तुम्हाला इथे नांदवायची गरज उरलेली नाही.

मिळालं काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे गळ टाकायचा म्हणजे गळाला गांडूळ, कणकेची गोळी नाहीतर कोळंबीचा तुकडा लावायचा आणि बसायचं. मासा वासावर येतो. माणसाने पाण्याकडे पाहिलं काय नि आभाळाकडे पाहिलं काय, फरक पडत नाही. तुमच्यापुढे हे चालत नाही. तुम्ही वाहत्या पाण्यात एका जागी तोंड वर करून उभे राहता आणि त्या घटकेला जो किडा पाण्यातून उठतो आहे, नेमका तोच टिपता. दुसरा नाकाशी आणून धरला तरी ढुंकून पाहत नाही. त्यामुळे तुमच्या मागे लागलेल्या माणसाला मासा विसरून आधी किडा पाहावा लागतो. कुठला उठतोय, केवढा आहे, पंख उभे धरतो की पाठीवर छपरासारखे मिटतो, वर तरंगतोय की अजून पृष्ठभागाखालीच धडपडतोय. मग नखाएवढ्या गळावर रेशमी दोरा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून त्याची नक्कल करायची. ही नक्कल इतकी हलकी, की हाताने फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. ती जड दोरी काठीने मागेपुढे झुलवायची, हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची. याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

ही विद्या काही इंग्रजांच्या घरची नाही. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीची हकिगत लिहून ठेवली आहे. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर तरंगणारी एक माशी खात. कोळ्यांनी ती पकडून गळाला लावून पाहिली, पण माणसाचा हात लागला की तिचा रंग जाई, पंख गळत. शेवटी त्यांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली, तिच्यावर मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवली आणि मासे फसले. ते ठिपकेवाले तुमचेच पूर्वज असावेत, असं तुमचे भक्त मानतात. आणि या विद्येत आमच्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरं का. आमच्या रानातल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर टोकाला मेणाच्या थेंबासारखी चकाकणारी पिसं असतात. विलायतेत माशा बांधणाऱ्यांनी त्यांना इतकं डोक्यावर घेतलं, की पिसांपायी हजारो कोंबड्यांच्या माना मुरगळल्या गेल्या. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या रानकोंबड्याला संरक्षण आहे आणि तो आपली पिसं आपल्याच मानेवर मिरवत आरवतो.

तुमची माझी ओळख हिमाचलात झाली. तीर्थन नदी, सप्टेंबरचा महिना. पावसाचं गढूळ पाणी उतरून नदी हिरवट काचेसारखी झालेली. ढगाळ दुपारी पाण्यावर मेफ्लाय नावाचे राखाडी पंखांचे बारीक किडे तरंगू लागले, आणि इतका वेळ जिथे कोणी नव्हतं त्या धारेत तुमची तोंडं दिसू लागली. शरदाच्या सुरुवातीला हे का घडतं, ते नंतर उमगलं. उन्हाळ्यात तापलेलं आणि पावसात गढुळलेलं पाणी पुन्हा निवळ नि गार होतं, त्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, आणि तुम्हाला थंडीच्या तोंडावर येणाऱ्या विणीसाठी अंगात साठा करायचा असतो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्या शिकारीला बंदी असते ती त्या विणीसाठीच. म्हणून भाद्रपद-आश्विन हे तुमच्या भक्तांचे सणाचे दिवस.

आता इकडचं ऐका. तुम्हाला बारा ते सतरा-अठरा अंशांचं पाणी मानवतं. पंचवीसच्या वर गेलं की जिवावर बेततं. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन असं, की दुपारी गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी गारवा जाणवत नाही. वैशाखात तर नदीचे डोह होतात नि डोहांची डबकी. पाऊस म्हणाल तर वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. ज्या धोंड्याआड तुम्ही आषाढात दडाल तो धोंडाच श्रावणात जागेवर असेल याची हमी नाही. तेव्हा इथे तुमचा निभाव लागायचा नाही, हे पहिलं कारण. पण ते गौण आहे. बर्फाची मशिनं लावून तुम्हाला कुठल्याशा टाकीत जगवणारे निघतीलही.

खरं कारण तुमच्या प्रवासाच्या इतिहासात आहे. नीलगिरीत तुम्हाला आणायची खटपट १८६३ पासून चालली. जम बसायला विसावं शतक उजाडलं. काश्मीरला पाठवलेली पहिली खेप वाटेतच मेली, १९०० सालची दुसरी जगली. तिथे तुमची पिल्लं वाढवण्यात फ्रँक मिचेल नावाच्या गालिचे-कारखानदाराचा मोठा हात होता. कुलूला तुम्ही १९०९ मध्ये पोचलात. या सगळ्यामागे पोटाची भूक नव्हती. घरापासून हजारो मैलांवर नोकरी करणाऱ्या साहेबांना रविवारी घरची नदी हवी होती, एवढंच. हिमालयाच्या नद्यांत तुमच्याआधी असेला नावाचा मासा नांदत होता; त्यालाच साहेबांनी पुढे 'स्नो ट्राउट' म्हणून तुमच्या गोतात ओढलं. त्याच्या दाण्यापाण्यावर तुम्ही हक्क सांगितलात आणि त्याची पोरं गिळलीत. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे. तीत तपकिरी ट्राउट आहे आणि इंद्रधनुषी ट्राउटही. एकाच घरातली दोन नावं. राग मानू नका. तुम्ही काही चालत गेला नव्हता.

आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे? आमचा दख्खनी महसीर घ्या. १८३९ साली कर्नल साईक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतला नमुना पाहून त्याला शास्त्रात 'खुद्री' हे नाव दिलं; आज तो टॉर खुद्री. सोनेरी खवल्यांचा, हातभर वाढणारा, धारेच्या उलट चढणारा मासा. धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी झाली आणि तो दिसेनासा होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण तलावाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात यावर केलेलं काम जगभर नावाजलं गेलं, आणि ते होतंच तसं. याच तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून पाताळगंगेत उतरतं आणि रसायनीवरून आमच्या तालुक्याच्या कडेने खाडीकडे जातं, म्हणून तो मासा आम्हाला शेजारचा वाटतो. पण तिथली पिल्लं दूरच्या कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता: शिकारी खूश, नदी भरलेली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा मदार असलेला महसीर होता, माणसाएवढ्या वजनाचा. आमचा खुद्री तिथे फोफावला आणि तो मदारवाला मागे मागे सरकत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. महसीर म्हणून महसीर सोडला, तरी परका तो परकाच ठरला. मग तुम्ही तर सातासमुद्रापलीकडचे.

उलट बाजूही आमच्याच जिल्ह्यात आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवी, आणि डोहातले महसीर देवीचे. त्यांना कोणी गळ लावत नाही. चुरमुरे टाकले की पाणी उसळून येतं. तिथे ना अंडी बर्फात घालून आणावी लागली, ना पिल्लं सोडावी लागली. जे होतं त्याला हात लावायचा नाही, एवढंच पथ्य पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं.

आता आमच्या गाढीविषयी. माथेरानच्या डोंगरात उगम, देहरंगच्या धरणात थोडा विसावा, मग नेरे करत पनवेल शहर आणि शेवटी खाडी. सगळी मिळून एका दिवसात चालून होईल अशी नदी. पावसाळ्यात तिच्यावर मुंबईची गर्दी लोटते. भाद्रपदात गर्दी ओसरते, आणि मगच ती बघण्याजोगी होते. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणत. धरणाच्या वरच्या अंगाला, खडकांतून पाणी खळाळतं तिथे, त्या दिवसांत संध्याकाळी जाऊन उभं राहावं.

पाण्याबाहेर डोकं काढलेल्या खडकांवर आधी कातीच दिसतात. तांदळाएवढ्या, पाठीवर उभ्या फाटलेल्या, तीन शेपट्यांचे धागे अजून चिकटलेले. मेफ्लाय इथून निघून गेलेले असतात. एखादा उशिरा निघालेला शेजारीच बसलेला सापडतो: धुरकट पंख उभे धरलेला, अंगावर पावडर फासल्यासारखा. हा अजून पुरता मोठा झालेला नाही. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा किडा सगळ्या कीटकसृष्टीत हा एकटाच. थोड्या वेळाने तो झाडीत जाईल, पंखांवरचीसुद्धा कात काढील आणि काचेसारख्या पंखांनी परत येईल. त्याला खाता येत नाही, तोंड नावापुरतं. कित्येक महिने दगडाखाली काढायचे, वर आल्यावर फार तर एक-दोन दिवस, त्यात जोडीदार शोधायचा, मादीने अंडी पाण्यावर सोडायची की संपलं. तुमच्या तीर्थनसारखी इथे ठरावीक दुपारी फौज उठत नाही. उष्ण देशात हा कारभार वर्षभर थोडाथोडा चालतो. पण पूर ओसरून पाणी निवळलं की तो डोळ्यांना दिसतो.

दिवस कलला की खडकांमागच्या संथ पाण्यावर बारीक वर्तुळं उमटू लागतात, एकाशेजारी एक. हे आमचे दांडवण. बोटाएवढा मासा, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. तुमच्यातला थोराड असामी यांना सकाळच्या न्याहारीला खाईल. पण वागणं तुमचंच: तोंड वर, नजर पृष्ठभागावर, आणि चालू किडा सोडून दुसऱ्याला विचारायचं नाही. वीस नंबरचा गळ, त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला, वर राखाडी पिसाचे दोन वेढे. मागे निरगुडीचं रान असल्याने दोरी झुलवायला जागा नाही, म्हणून मी हल्ली रीळही ठेवत नाही. लांब लवचीक काठी आणि टोकाला थेट दोरी, झालं. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर याच पद्धतीला टेंकारा म्हणतात आणि तिची भारी किमतीची सामग्री विकली जाते. आमच्या वरच्या वाड्यांतली ठाकरांची पोरं बांबूची कामटी आणि नायलॉनचा दोरा घेऊन हेच करतात. त्यांना माझ्यापेक्षा जास्त मासे मिळतात आणि ती ते घरी नेतात. त्यांचा तो कोरड्यास असतो, आणि त्यात चुकीचं काही नाही.

मी सोडतो. त्यावरून एकदा नेऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला उलटतपासणीला घेतलं. काठावर बसून बराच वेळ ते बघत होते. शेवटी म्हणाले,
"दादूस, पकरतंस नि सोरतंस. मंग पकरतंस कनाला?"
म्हटलं, "बघायला, बाबा."
"मंग बग की. गल कनाला?"

प्रश्न बिनतोड होता. पाण्यात उभ्या उभ्या जे उत्तर सुचलं नाही ते तुम्हाला लिहितो, कारण तुम्हीच ते शिकवलंत. नुसतं बघायला गेलो तर दहा मिनिटांत माझं लक्ष डोंगराकडे, बगळ्याकडे, खिशातल्या फोनकडे जातं. गळाच्या टोकाला किड्याची नक्कल असली, की ती खरी वाटते की नाही याचा निवाडा मासा करतो, आणि त्या निवाड्यासाठी मला प्रत्येक किडा नीट पाहावाच लागतो. दगड उलटून पाहण्याची सवय मला या नादाने लागली.

आणि दगड बोलतात, साहेब. धरणाच्या वर कुठलाही तळहाताएवढा दगड उचला: खाली चपट्या अंगाची मेफ्लायची पिल्लं खेकड्यासारखी तिरपी पळतात, आणि वाळूचे कण एकाला एक चिकटवून बांधलेल्या नळीत कॅडिस नावाच्या किड्याची अळी डोकं आत घेते. त्यांना वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. ते नसलं की आधी तेच जातात. खाली नेऱ्याच्या पुढे दगड उलटत चला, ही मंडळी विरळ होत जातात. शहराजवळ दगडाला बुळबुळीत काळा थर, आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे बाकीच्यांचा श्वास कोंडतो तिथे त्या तग धरतात. प्रयोगशाळेचा अहवाल न मागवता नदी कुठे आजारी पडली ते असं हातात घेऊन पाहता येतं. गाढीच्या पलीकडे कासाडी आहे, तळोज्याच्या कारखान्यांतून येणारी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे भटके कुत्रे रंगाने निळे होऊन फिरत होते, तेव्हा जगभर फोटो झळकले. कुत्रा निळा झाल्यावर सगळ्यांना दिसला. मेफ्लाय गेल्याचं मात्र कोणाला दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, 'आपल्याकडे ट्राउट असते तर' असं म्हणणारा माझा मित्र वाईट काही मागत नाहीये. त्याला गार, निवळ, वाहतं पाणी हवंय, ज्यात संध्याकाळी किडे उठतात आणि मासे वर येतात. ते त्याने तुमच्या नावाने मागू नये, गाढीच्या नावाने मागावं. नदीकाठी कठडे, दिवे, बाकं करायला पैसे निघतात, निघू देत. पण आधी दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या सुट्टीत देहरंगपासून खाडीपर्यंत ठरलेल्या जागी शाळेच्या मुलांनी दगड उलटावेत, खाली कोण राहतं ते वहीत मांडावं आणि ती वही महापालिकेच्या टेबलावर ठेवावी. खर्च चहा-वड्यांचा. कॅडिसची नळी वर्षागणिक खाली खाली सापडू लागली, तर काम होतंय. नाही सापडली, तर बाकांवर बसून बघायचं काय?

तुम्हाला बोलावण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि यात कोणाच्या पोटावर पाय पडत नाही. तुमची भेट हवीशी वाटली तर मीच येईन, तुमच्या गावी, परवाना काढून, नोव्हेंबरच्या आधी. गळाचा काटा दाबलेला असेल याची खात्री बाळगा. तुमच्या शेजारच्या असेल्यालाही नमस्कार सांगा. पाणी मुळात त्याचं आहे, एवढं ध्यानात असू द्या.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

आपला,
गाढीकाठचा एक गळवाला
पनवेल, जिल्हा रायगड